खेळावा की पाहावा? व्हिडिओ गेमसंबंधी काही व्यवहार्य सूचना

गेली दोन-तीन वर्षे वाचकांच्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या वेषांत पुनःपुन्हा उभा राहतो आहे. एका आईचे म्हणणे असे की, मुलगा स्वतः खेळत असता तर एक वेळ समजले असते. पण दुसराच कोणी खेळतो आहे आणि हा तासन् तास नुसता पाहतो आहे, यात त्याच्या पदरात पडते तरी काय? एका तरुण नोकरदाराने नेमके उलट विचारले आहे. दिवसभराच्या कामानंतर हाती जेमतेम एक तास उरतो, त्यात चाळीस तासांचा खेळ पुरा होणे अशक्य, म्हणून तो दुसऱ्याने खेळलेला पाहूनच समाधान मानतो. हे योग्य की अयोग्य? तिसऱ्या प्रकारची पत्रे शिकाऊ खेळाडूंची असतात. रोज दोन तास नामांकित खेळाडूंचे चित्रण पाहूनही आपला हात का सुधारत नाही, ही त्यांची तक्रार. या तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर देता येणार नाही. परंतु तिन्हींचा निकाल ज्या कसोटीवर लावता येतो ती एकच आहे, आणि ती ध्यानात घेतली म्हणजे पुढच्या बहुतेक अडचणींतून वाट सापडते.

आधी कसोटी: निर्णय कोणाचा?

दुसऱ्याचा खेळ पाहणे ही काही नवी किंवा हीन गोष्ट नव्हे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधविलेल्या खासबाग मैदानात कुस्ती पाहावयास जे सहस्रावधी लोक बसतात, त्यांना ‘तुम्ही स्वतः लाल मातीत का उतरत नाही?’ असे कोणी विचारीत नाही. आणि १९९० नंतरच्या दशकात शहरांतल्या व्हिडिओ पार्लरांत एक मुलगा नाणे टाकून खेळत असता त्याच्या खांद्यावरून वाकून पाहणारी जी चार-सहा मुले असत, तीही काही वेळ फुकट दवडीत नव्हती. तथापि कुस्ती आणि व्हिडिओ गेम यांत एक मूलभूत भेद आहे. कुस्तीचा फड मुळातच पाहणारांसाठी भरविलेला असतो. व्हिडिओ गेम मात्र बहुधा रचलाच असा जातो की, हाती बटणे घेतलेल्या माणसाने काही ठरविल्याखेरीज तो एक पाऊलही पुढे सरकू नये.

म्हणून कोणताही खेळ पुढे आला की स्वतःस एवढेच विचारावे: यातला रस कोणाच्या निर्णयात आहे, माझ्या की समोरच्याच्या? तो आपल्या निर्णयात असेल तर खेळावा. तो खेळणाऱ्याच्या कौशल्यात, त्याच्या बोलण्यात, किंवा लेखकाने आधीच लिहून ठेवलेल्या कथेत असेल, तर पाहिल्याने फारसे काही बुडत नाही. ही परीक्षा पाच मिनिटांत होते. खेळाच्या आरंभाचे पाच मिनिटांचे चित्रण पाहा आणि खेळणाऱ्याच्या जागी आपण असतो तर वेगळे काय केले असते, हे मनात मोजा. अशी एकही जागा सापडली नाही तर खुशाल पाहत राहा. चार-पाच जागी ‘मी इकडे वळलो असतो’ असे वाटले, तर चित्रण तिथेच बंद करा.

पाहिल्याने जे कायमचे जाते

काही खेळ एकदाच खेळता येतात, कारण त्यांतले सारे धन अज्ञानात असते. ल्यूकस पोप यांचा २०१८ सालचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ हा खेळ घ्या. ईस्ट इंडिया कंपनीचे एक हरवलेले गलबत १८०७ साली निर्मनुष्य अवस्थेत परत येते. आपण विम्याचे निरीक्षक म्हणून त्यावर चढतो आणि मूळच्या साठ माणसांपैकी प्रत्येकाचे नाव काय व त्याचे काय झाले, याची नोंद आपल्याला एका वहीत करावयाची असते. तीन माणसांची नोंद बरोबर झाली म्हणजेच खेळ ती कायम करतो, एरवी काही बोलत नाही. बुटांवरून, बोलण्याच्या ढंगावरून, झोपण्याच्या झोळीवरील क्रमांकावरून एकेक नाव लागते, आणि ते लागते त्या क्षणी जो आनंद होतो तो या खेळाचा एकमेव मोबदला आहे. माझ्या एका स्नेह्याने हा खेळ विकत घेण्यापूर्वी ‘कसा आहे ते पाहू’ म्हणून अर्ध्या तासाचे एक चित्रण पाहिले. पुढे त्यांनी खेळ घेतला. पण ज्यांची नावे त्या अर्ध्या तासात उघड झाली होती, त्यांची नोंद करताना आपण केवळ नक्कल उतरवीत आहोत असे त्यांना वाटू लागले, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी वही मिटली. २०१९ च्या ‘आउटर वाइल्ड्स’चीही तीच गत आहे. तिथे पात्राची शक्ती वाढत नाही, हाती नवी शस्त्रे येत नाहीत. वाढते ते फक्त खेळणाऱ्याचे ज्ञान, आणि दुसऱ्याने ते आयते दिले की खेळ संपला.

सबब, कोडी, शोध आणि रहस्य यांवर उभ्या असलेल्या खेळांबाबत माझा सल्ला निःसंदिग्ध आहे. आधी खेळा; इतरांनी तो कसा सोडविला हे नंतर अवश्य पाहा, कारण तेव्हा ते पाहण्यात वेगळीच गोडी असते. मध्येच अडलात तर पूर्ण चित्रण न उघडता खेळलेल्या माणसास एक इशारा मागा.

नुसते पाहिले तरी चालेल, ते केव्हा?

- कथा एकमार्गी असेल तेव्हा. बटण दाबले न दाबले तरी कथा त्याच वाटेने जाणार असेल, तर तो खेळ पाहणे आणि चित्रपट पाहणे यांत अंतर थोडे.
- खेळणे शरीरास मानवत नसेल तेव्हा. त्रिमितीय खेळांत कित्येकांना गाडी लागल्यासारखी मळमळ होते, भयखेळ कित्येकांना एकट्याने सोसवत नाहीत, आणि हाताच्या दुखण्यामुळे काहींना जलद बटणे दाबता येत नाहीत. अशांनी पाहण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.
- यंत्रसामग्री परवडत नसेल तेव्हा. ‘बाल्डर्स गेट ३’ला संगणकात सुमारे १५० जीबी मोकळी जागा लागते, त्यासाठी कर्ज काढून नवा संगणक घेऊ नये.
- खेळणाऱ्याचे कौशल्य हाच विषय असेल तेव्हा. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ निष्णात खेळाडू पाच मिनिटांच्या आत संपवितात. तुम्हीआम्ही तो खेळलेला असल्यामुळेच त्या पाच मिनिटांतली प्रत्येक उडी आपल्याला समजते. अशा वेगवान खेळांचे ‘गेम्स डन क्विक’ नावाचे मेळावे २०१० पासून भरतात आणि त्यांतून धर्मादाय संस्थांसाठी निधी उभा राहतो. हा प्रकार पाहण्यासाठीच आहे.

वेळ नाही, हे कारण मात्र मी या यादीत मुद्दाम घातलेले नाही. ज्यांच्याजवळ दिवसाचा एकच तास आहे, त्यांनी चाळीस तासांच्या खेळाचे पंधरा तासांचे चित्रण पाहण्याऐवजी लहान खेळ निवडावा. ‘जर्नी’ सुमारे दोन तासांत पुरा होतो, ‘पोर्टल’ तीन-चार संध्याकाळींत. आणि ते दोन्ही आपल्या हातांनी पुरे झालेले असतात.

शिकण्यासाठी पाहत असाल तर

या मुद्द्यावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वाधिक निराशा इथेच पदरी पडते. ऑस्ट्रेलियातील ‘टीम चेरी’ या लहानशा चमूने २०१७ साली काढलेल्या ‘हॉलो नाइट’ या खेळात मँटिस लॉर्ड्स नावाचे तीन प्रतिस्पर्धी आहेत. त्यांचे हल्ले मोजून तीन प्रकारचे: जमिनीलगत सरळ मुसंडी, डोक्यावरून खाली झेप, आणि भिंतीला चिकटून वळत येणारे फेकशस्त्र. प्रथम एक जण लढतो, तो पडला की उरलेले दोघे एकदम येतात. एका निष्णात खेळाडूने त्यांना दोन-तीन मिनिटांत हरविलेले मी पाहिले, तिन्ही हल्ले तोंडपाठ झाले, आणि मग स्वतः बसलो तेव्हा वीसाहून अधिक वेळा हरलो. डोळ्यांना मुसंडीआधीची क्षणभराची थांबण दिसत होती. अंगठ्याला ती कळत नव्हती. सातव्या-आठव्या खेपेपासून अंगठा त्या थांबणीवर आपोआप हलू लागला, आणि शेवटी जेव्हा ते तिघे आपल्या आसनांवरून उठून वाकून अभिवादन करतात, तेव्हा त्या अभिवादनाचा जो अर्थ मला लागला तो चित्रणात दिसला नव्हता.

यावरून पुढील क्रम सुचवितो.

1. आधी स्वतः खेळा आणि हरा. आपण कोठे हरतो हे कळल्याशिवाय काय पाहायचे हे कळत नाही.
2. एकच अडचण निवडा आणि तेवढाच भाग पाहा. फार तर पाच मिनिटे.
3. खेळणारा काही करण्याच्या आधी चित्रण थांबवा, ‘आता मी काय केले असते?’ हे ठरवा, मग पुढे चालवा. बुद्धिबळाच्या चित्रणांस ही रीत विशेष लागू पडते, कारण तिथे विचार करण्यास उसंत असते.
4. लगेच खेळायला बसा. पाहणे आणि खेळणे यांच्यामध्ये रात्र गेली तर पाहिलेले बहुतांशी वाया जाते.
5. एक तास पाहिले तर चार तास खेळावे, असे प्रमाण मी स्वतःपुरते ठेवले आहे. तुम्ही वेगळे ठेवा, पण काहीतरी ठेवा.

पैशाचा हिशेब

पाहणे फुकट असते, हा समज दोन्ही बाजूंनी खोटा आहे. डेटाचेच पाहा: स्वच्छ चित्रण तासाला साधारण एक जीबी किंवा त्याहूनही अधिक खाते, आणि मोबाइलवरचा ऑनलाइन खेळ तेवढ्याच वेळात त्याचा लहानसा अंशच वापरतो. लाइव्ह प्रक्षेपण करणाऱ्या स्ट्रीमरला ‘सुपर चॅट’सारख्या मार्गाने दिलेली रक्कम ही स्वेच्छेची देणगी समजावी, ती परत मिळेल अशा हिशेबाने देऊ नये. खेळाच्या खरेदीत मात्र तुम्हाला अधिक संरक्षण आहे. ‘स्टीम’ या दुकानातून घेतलेला खेळ खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असेल, तर रक्कम परत मागता येते. खेळ आपल्याला रुचेल की नाही हे ठरविण्यास दुसऱ्याचे चित्रण पाहण्यापेक्षा ही दोन तासांची मुभा अधिक उपयोगी.

दुसरी बाजू निर्मात्यांची. अमेरिकेतील रायन ग्रीन आणि त्यांच्या पत्नी यांनी कर्करोगाने गेलेल्या आपल्या लहानग्या मुलाच्या आठवणींवर ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ हा खेळ केला, तो २०१६ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. खेळ लहान, कथा जवळजवळ एकमार्गी. लक्षावधी लोकांनी तो इतरांच्या चित्रणांतून पाहिला, अश्रू ढाळले, आणि निघून गेले. विक्रीतून आपल्या हाती काही उरले नाही, असे निर्मात्यांना त्याच वर्षी मार्चमध्ये जाहीरपणे लिहावे लागले. उलट ‘अमंग अस’ हा २०१८ चा खेळ दोन वर्षे कोणाच्या खिजगणतीत नव्हता, तो २०२० मध्ये स्ट्रीमरांमुळेच घरोघर पोहोचला. पाहणाऱ्यांमुळे एकाचे नुकसान झाले आणि दुसऱ्याचे भाग्य उजळले, याचे कारणही आपल्या कसोटीतच आहे: पहिल्यात पाहणाऱ्यास ठरविण्यासारखे काही उरले नव्हते, दुसऱ्यात सारेच उरले होते. म्हणून माझी विनंती अशी की, एखादा लहान खेळ शेवटपर्यंत पाहिला आणि तो मनाला भिडला, तर तो विकत घ्या, मग खेळा अथवा न खेळा.

पालकांनी कशाकडे लक्ष द्यावे

‘खेळतो’ म्हणजे बिघडला आणि ‘पाहतो’ म्हणजे निदान निरुपद्रवी, किंवा याच्या नेमके उलट, अशी कोणतीही सरसकट समजूत करून घेऊ नका.

- पाहण्यानेही अपाय होऊ शकतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील ‘पोकेमॉन’ मालिकेच्या एका भागातील लाल-निळ्या झगमगाटामुळे सहाशेंहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांनी काही खेळले नव्हते, केवळ पाहिले होते. घरात कोणास फिट येण्याचा इतिहास असेल, तर वैद्याचा सल्ला घेतल्यावाचून झगमगत्या खेळांचे चित्रणही दाखवू नका.
- वयाचा शिक्का चित्रणावर नसतो. प्ले स्टोअरवर खेळाच्या नावाखाली योग्य वय लिहिलेले असते. त्याच खेळाचे चित्रण मात्र मुलापुढे शिक्क्याविना येते. मूल काय पाहते आहे त्या खेळाचे नाव विचारा आणि शिक्का स्वतः तपासा.
- वेळेची मर्यादा खेळावर असते, पाहण्यावर नसते. मध्यंतरी बंद असलेला ‘बीजीएमआय’ हा मोबाइलवरचा खेळ २०२३ च्या मे महिन्यात परत सुरू झाला तेव्हा अठरा वर्षांखालील खेळाडूंस दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली गेली. त्याच खेळाचे प्रक्षेपण पाहण्यास अशी मर्यादा नाही. ती तुम्हालाच घालावी लागेल. यूट्यूबवरील आपोआप पुढचे चित्रण सुरू होण्याची सोय बंद करणे ही पहिली पायरी.
- जाहिरात ओळखायला शिकवा. स्ट्रीमरने पैसे घेऊन एखाद्या वस्तूची शिफारस केली, तर ती जाहिरात असल्याचे त्याने स्पष्ट सांगितले पाहिजे, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये बजावले आहे.

आणि एक तिसरा मार्ग आहे, जो पुष्कळांच्या ध्यानीच येत नाही. एकाने खेळावे, दुसऱ्याने शेजारी बसून पाहावे. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ काढला. त्यात राजी ही मुलगी आपल्या हरवलेल्या भावाच्या शोधात निघते, दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून कथा पुढे जाते, आणि वाटेत पुराणकथा चितारलेल्या भिंती लागतात. आमच्या परिचयाच्या एका घरी नातू हा खेळ खेळत होता आणि आजी त्याच्यामागे खुर्चीवर बसली होती. लढाई चालू असता आजीने पोथी वाचावी तशी मान खाली घातलेली, आणि भिंतीवरचे चित्र आले की ती म्हणे, “थांब रे, पुढे नको जाऊस,” आणि ती कथा सांगे. नातू थांबे. त्या दुपारी निर्णय दोघांचा होता.

आपले हक्क आणि तक्रारीचा मार्ग

- अल्पवयीनाने केलेला करार भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ नुसार बंधनकारक नसतो. मुलाने न विचारता खेळात किंवा प्रक्षेपणात पैसे खर्च केले, तर दुकानाकडे त्वरित, शक्यतो ४८ तासांच्या आत, परताव्याचा अर्ज करा; पावत्या व संदेश जपून ठेवा. रक्कम मिळेलच अशी हमी नाही, परंतु विलंब केलात तर बाजू दुबळी पडते. पुढे तसे होऊ नये म्हणून प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी तजवीज करा.
- पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय अधिनियमाने निषिद्ध ठरविले असून त्यास २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत, तर त्यांची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. खेळणाऱ्यास शिक्षा नाही. स्ट्रीमर अशा खेळाकडे बोलावीत असेल तर ते प्रक्षेपण बंद करा.
- फसवणूक झाल्यास सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि ग्राहक तक्रारींसाठी १९१५ हे क्रमांक आहेत. पैसे गेल्यापासून जितक्या लवकर १९३० वर कळवाल, तितकी रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक.
- मुलास स्वतः प्रक्षेपण करावयाचे असल्यास यूट्यूबवर २२ जुलै २०२५ पासून एकट्याने लाइव्ह येण्याचे किमान वय सोळा आहे. चित्रणात घराचा पत्ता, शाळेचा गणवेश, दूरध्वनी क्रमांक दिसू देऊ नका. कथाप्रधान खेळांचे चित्रण प्रसिद्ध करण्यापूर्वी निर्मात्याचे नियम वाचा. संपूर्ण कथा उघड करणाऱ्या चित्रणाबद्दल २०२३ मध्ये जपानी न्यायालयाने एकास दोषी ठरविले आहे.

आवर सुटल्यासारखे वाटल्यास

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात १ जानेवारी २०२२ पासून ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींहून खेळास अग्रक्रम मिळणे, आणि हानी होत असूनही ते चालूच राहणे, ही तिची लक्षणे. ती साधारणतः बारा महिने दिसावी लागतात. परीक्षेच्या सुट्टीत आठ दिवस खेळणाऱ्या मुलास हे नाव देऊ नका. नुसते पाहण्याची त्यात वेगळी नोंद नाही. तरीही झोप, जेवण, शाळा आणि मित्र यांवर परिणाम दिसू लागला, तर कारण पाहणे असो वा खेळणे, मदत घेण्यास संकोच करू नका. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून तिथे मराठीतून बोलता येते.

मात्र तो क्रमांक फिरविण्याआधी एक संध्याकाळ मुलाच्या शेजारी बसा. तो खेळत असेल तर खेळ पाहा, तो पाहत असेल तर त्याच्यासह पाहा, आणि समोर काय चालले आहे ते त्याला सांगू द्या. समुपदेशक तुम्हाला जे विचारतील, त्यांतल्या पुष्कळ प्रश्नांची उत्तरे त्या संध्याकाळी तुमच्यापाशी जमा झालेली असतील.